संगणक नेटवर्क कर्मचाऱ्यांचे व्यावसायिक प्रमाणीकरण : मूल्याचा एक ऐतिहासिक शोध

प्रास्ताविक

२४ फेब्रुवारी २००८ रोजी यूट्यूब हे संकेतस्थळ जगाच्या मोठ्या भागातून सुमारे दोन तास दिसेनासे झाले. पाकिस्तानच्या दूरसंचार नियामकाने ते संकेतस्थळ देशात बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. त्याची अंमलबजावणी करताना यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एका गटाकडे जाणारा मार्ग आपल्याकडे आहे, अशी घोषणा पाकिस्तान टेलिकॉमच्या नेटवर्कमधून झाली. ही घोषणा देशापुरती राहावयास हवी होती. ती बाहेर गेली आणि वरच्या दुव्यावरील हाँगकाँगच्या कंपनीने ती न तपासता पुढे पाठवली. दोन मार्ग समोर आले असता राउटर अधिक नेमका मार्ग स्वीकारतो. पाकिस्तानातून निघालेला मार्ग यूट्यूबने स्वतः जाहीर केलेल्या मार्गापेक्षा अधिक नेमका होता. त्यामुळे जगभरचे राउटर आपापली वाहतूक त्या दिशेने वळवू लागले. यंत्रांनी नियमाप्रमाणेच काम केले होते.

या घटनेतील दोन्ही ठिकाणच्या नेटवर्क कर्मचाऱ्यांकडे कोणती प्रमाणपत्रे होती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. तो विचारण्याची प्रथाच नव्हती. मुंबईच्या कापड गिरणीतील बॉयलरवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला १९२३च्या भारतीय बॉयलर अधिनियमाखालील नियमांनुसार शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सक्षमता प्रमाणपत्र घ्यावे लागे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदार आणि प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक यांच्यापुरते मर्यादित केले होते. बँका, शेअर बाजार, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये यांचे दैनंदिन व्यवहार ज्या तारांवर चालतात, त्या तारांमागे बसलेल्या माणसासाठी मात्र असा कोणताही परवाना अस्तित्वात आला नाही. त्या रिकाम्या जागी यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी घेतलेल्या परीक्षा आल्या. या परीक्षांच्या प्रमाणपत्रांना बाजारात मोल कसे आले, ते कशामुळे घसरले आणि महाराष्ट्रातील तरुणाच्या पदरात त्यातून काय पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विक्रेताच परीक्षक

मोठ्या संगणकांच्या काळात हा प्रश्न उद्भवला नव्हता. संगणक बनवणारी कंपनी यंत्रासोबत स्वतःचा अभियंता पाठवी आणि देखभालही तीच करी. १९८०च्या दशकात वैयक्तिक संगणक कार्यालयांत शिरले आणि चार-सहा संगणक एकमेकांना जोडून एकच प्रिंटर, एकच डिस्क वापरण्याची सोय हवीशी झाली, तेव्हा ही व्यवस्था मोडली. अमेरिकेतील युटा राज्यातील नॉव्हेल या कंपनीने १९८३ मध्ये नेटवेअर ही प्रणाली बाजारात आणली. पुढील दहा वर्षांत संगणक जोडणाऱ्या प्रणालींच्या बाजारपेठेतील निम्म्याहून अधिक वाटा तिने मिळवला.

नेटवेअर स्वतः कंपनी विकत नसे. ती गावोगावचे विक्रेते विकत. हे विक्रेते कालपर्यंत टंकयंत्रे किंवा सुटे संगणक विकणारे होते. बारीक कोअॅक्सिअल केबलच्या टोकाला लावावयाचा पन्नास ओहमचा टर्मिनेटर सैल झाला, की त्या केबलवरील सगळे संगणक एकदम बंद पडतात, हे त्यांच्या माणसांना अनुभवानेच कळे; आणि तोवर ग्राहकाची तक्रार थेट कंपनीकडे गेलेली असे. मदतीसाठी येणारे दूरध्वनी वाढत गेले, तसा कंपनीचा खर्चही वाढला. यावर नॉव्हेलने १९८०च्या दशकाच्या अखेरीस जो उपाय काढला, तो 'सर्टिफाइड नेटवेअर इंजिनिअर' म्हणजेच सीएनई या प्रमाणपत्राचा. ज्या विक्रेत्याला वरचा दर्जा आणि त्यासोबत येणारी सवलत हवी असेल, त्याच्याकडे असे प्रमाणपत्रधारक नोकरीस असणे आवश्यक ठरले.

या प्रमाणपत्राचा जन्म विद्यापीठात किंवा व्यावसायिकांच्या संघटनेत झाला नाही, तर विक्रीच्या साखळीत झाला, ही गोष्ट पुढील सर्व इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे. वैद्य किंवा वकील यांच्या व्यवसायात प्रमाणपत्र हे समव्यवसायींनी दिलेले असते आणि त्यामागे कायदा उभा असतो. सीएनईमागे विक्रेत्याची सवलत उभी होती. कंपनीला आपले उत्पादन नीट चालवणारी माणसे हवी होती, विक्रेत्याला दर्जा हवा होता आणि उमेदवाराला नोकरी; तिघांचे हित एका कागदावर जुळले. तसे पाहता यात गैर काही नव्हते. परंतु परीक्षा घेणारा आणि माल विकणारा एकच असल्यामुळे परीक्षेची काठिण्यपातळी ही ज्ञानाइतकीच बाजाराचीही बाब बनली. प्रमाणपत्रधारक फार थोडे असतील तर माल विकला जात नाही, आणि फार झाले तर प्रमाणपत्राला किंमत उरत नाही, या कोंडीतून पुढे एकही कंपनी पूर्णपणे सुटली नाही.

परीक्षा जगभर नेण्याचे काम दुसऱ्याच एका उद्योगाने केले. १९९०च्या सुमारास ड्रेक या संस्थेने संगणकावर परीक्षा घेणारी केंद्रे सुरू केली आणि नॉव्हेल तिच्या पहिल्या ग्राहकांपैकी होती. हीच संस्था पुढे प्रोमेट्रिक या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९४ मध्ये व्हीयूई ही प्रतिस्पर्धी संस्था उभी राहिली. बंद खोलीत संगणकापुढे बसलेला उमेदवार, बाहेर ओळखपत्र तपासणारा पर्यवेक्षक आणि शेवटचे बटण दाबताच पडद्यावर उमटणारा निकाल, हे दृश्य मुंबईत आणि मॅनिलात सारखेच दिसू लागले. मार्च महिन्याची परीक्षा आणि जून महिन्याचा निकाल यांना सरावलेल्या भारतीय विद्यार्थ्याला या तत्काळ निकालाचे आकर्षण किती वाटले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

'कागदी' प्रमाणपत्रांचा काळ

मायक्रोसॉफ्टने आपला प्रमाणीकरण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू केला. १९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४.० या प्रणालीने नेटवेअरची जागा घेण्यास सुरुवात केली आणि त्याबरोबर सीएनईची जागा 'मायक्रोसॉफ्ट सर्टिफाइड सिस्टिम्स इंजिनिअर', म्हणजे एमसीएसई, या प्रमाणपत्राने घेतली. एनटी ४.०च्या एमसीएसईसाठी सहा परीक्षा द्याव्या लागत. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असत. इंटरनेटच्या उधाणाचे ते दिवस होते. नेटवर्क सांभाळणारी माणसे मिळत नव्हती, आणि प्रमाणपत्र हाती असलेल्या उमेदवाराला नोकरीची वाट पाहावी लागत नव्हती.

तेव्हा ज्याला मागणी असते त्याचे अनुकरण होते, या जुन्या व्यापारी नियमाने आपले काम केले. दोन आठवड्यांत सहाही परीक्षा उत्तीर्ण करून देणारी निवासी शिबिरे निघाली. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून सांगितलेले प्रश्न उत्तरांसह विकणारी संकेतस्थळे निघाली. या संचांना परीक्षार्थींच्या बोलीत 'डम्प' असे नाव पडले आणि ते आजही रूढ आहे. सर्व्हरचे आवरणही कधी न उघडलेला, पण सहाही परीक्षांत उत्तीर्ण झालेला उमेदवार मुलाखतीस येऊ लागला. त्याला 'पेपर एमसीएसई' म्हणजे कागदी एमसीएसई असे उपरोधाने म्हटले जाऊ लागले. प्रकरण न्यायालयापर्यंतही गेले. अशा प्रश्नसंचांची विक्री करणाऱ्या अमेरिकेतील एका संकेतस्थळचालकाने २००२ मध्ये व्यापारी गुपितांच्या चोरीचा गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. प्रश्नपत्रिका फुटण्याची घटना भारतीय वाचकाला नवी नाही. येथे मात्र प्रश्नपत्रिका ही एका खाजगी कंपनीची मालमत्ता होती आणि फुटीचा खटलाही मालमत्तेच्या चोरीचा होता. ज्या उमेदवारांनी प्रामाणिकपणे अभ्यास करून तेच प्रमाणपत्र मिळवले होते, त्यांचे नुकसान झाले हे कोणत्याही खटल्याचा विषय झाले नाही.

अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये रोजगाराच्या बाजारातील संकेतांचा जो सिद्धान्त मांडला आणि ज्या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही. त्याला केवळ संकेत दिसतो. कुवत असणाऱ्याला तो संकेत मिळवणे स्वस्त आणि कुवत नसणाऱ्याला महाग पडत असेल, तोवरच त्या संकेतावर विश्वास ठेवता येतो. डम्पांनी ही तफावतच पुसून टाकली. नेटवर्कच्या कामात तर कुवत दिसणे अधिकच अवघड असते, कारण नेटवर्क चांगले चालले असता ते कोणाच्याच लक्षात येत नाही. वर्षभर एकही तक्रार न आलेल्या कार्यालयातील कर्मचारी अतिशय दक्ष होता की केवळ सुदैवी होता, हे त्याच्या वरिष्ठाला सहसा सांगता येत नाही.

त्याच सुमारास दुसरा वाद उद्भवला. विंडोज २००० आल्यावर एनटी ४.०च्या एमसीएसईधारकांनी २००१च्या अखेरपर्यंत नव्या परीक्षा द्याव्यात, अन्यथा त्यांचे प्रमाणपत्र रद्द होईल, अशी मायक्रोसॉफ्टची भूमिका होती. धारकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने माघार घेतली. परंतु उत्पादन बदलले की ज्ञान शिळे ठरते काय, हा त्यातील मूळ प्रश्न राहिलाच. पत्त्यांची विभागणी, मार्गनिवड, दोषशोधन यांची तत्त्वे एनटीसोबत बाद झाली नव्हती. बाद झाल्या होत्या त्या मेनूंच्या जागा. ज्या परीक्षेने मेनूंच्या जागा विचारल्या, ती मेनूंबरोबर जुनी झाली.

दोन दिवसांची प्रयोगशाळा

सिस्को या कंपनीने १९९३ मध्ये सुरू केलेले 'सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट', म्हणजे सीसीआयई, हे प्रमाणपत्र या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. त्याची निर्मितीही परोपकारातून झाली नव्हती. ग्राहकसेवेवरील भार हलका करण्यासाठी समोरून बोलणारा माणूस खरोखर जाणकार आहे की नाही, हे कंपनीला ओळखावयाचे होते. पण परीक्षेचे स्वरूप ठरवताना जो निर्णय झाला, त्याने या प्रमाणपत्राचे भवितव्य ठरले. लेखी परीक्षा ही केवळ पात्रता फेरी ठेवली गेली. खरी परीक्षा प्रयोगशाळेत, प्रत्यक्ष राउटर आणि स्विच यांच्यासमोर, दोन दिवस चाले.

पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवसाच्या पूर्वार्धात उमेदवाराने दिलेल्या आराखड्याप्रमाणे संपूर्ण नेटवर्क उभे करावयाचे. त्यात गुण कमी पडले तर तो तेथेच घरी जाई. जे उरत, त्यांना जेवणासाठी बाहेर पाठवले जाई आणि त्या वेळात परीक्षक त्यांनीच उभारलेल्या नेटवर्कमध्ये मुद्दाम दोष पेरून ठेवत. परत आल्यावर उमेदवाराने ते दोष ठरावीक वेळात शोधून दुरुस्त करावयाचे. ज्याने नोकरीत असताना ऐन कामाच्या वेळी बंद पडलेली लाइन दुरुस्त केली आहे, त्याला या शेवटच्या सत्राचा अर्थ समजेल. उभारणीचे ज्ञान पुस्तकातून मिळू शकते. आपणच उभारलेली आणि काही वेळापूर्वी व्यवस्थित चालणारी व्यवस्था आता का चालत नाही, हे घड्याळ पुढे सरकत असताना शांतपणे शोधणे ही निराळी विद्या आहे, आणि नेटवर्क कर्मचाऱ्याच्या नोकरीचा कस याच विद्येत लागतो.

या प्रमाणपत्राचे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले. दोनाचा दहावा घात असलेला तो पहिला क्रमांक कोणा व्यक्तीला न देता प्रयोगशाळेलाच दिला गेला. १०२५ हा क्रमांक परीक्षा तयार करणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना, आणि १०२६ हा कंपनीबाहेरील पहिले उत्तीर्ण टेरी स्लॅटरी यांना. संगणकक्षेत्रातील विनोदबुद्धीचा हा नमुना म्हणावा लागेल. तथापि क्रमांक देण्याच्या या पद्धतीतून एक अनपेक्षित परिणाम साधला. धारक आपल्या नावापुढे क्रमांक लिहू लागले, तो क्रमांक पडताळून पाहता येऊ लागला, आणि लहान क्रमांक हा ज्येष्ठतेचा मान ठरला.

परीक्षार्थींची संख्या वाढली, तेव्हा या परीक्षेलाही बाजाराशी तडजोड करावी लागली. ऑक्टोबर २००१ पासून प्रयोगशाळा एका दिवसाची झाली आणि कापले गेले ते नेमके दोषशोधनाचेच सत्र. सोय म्हणून ते समजण्यासारखे होते. दोन दिवसांत एक उमेदवार बसे तेथे दोन बसू लागले. पण परीक्षेचा कणाच त्यामुळे काढला गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. सिस्कोलाही ते उमगले असावे, कारण २००९ मध्ये राउटिंग व स्विचिंग शाखेच्या नव्या आवृत्तीत दोन तासांचे स्वतंत्र दोषशोधन सत्र पुन्हा आणले गेले. मधल्या आठ वर्षांत प्रयोगशाळेतील प्रश्नही विकले जाऊ लागले होते. आराखडा पाठ करता येतो. अनपेक्षित दोष पाठ करणे त्यामानाने कठीण.

लिनक्सच्या क्षेत्रात रेड हॅटने १९९९ मध्ये आरएचसीई हे प्रमाणपत्र सुरू केले, तेही प्रत्यक्ष यंत्रावरील परीक्षेवर आधारलेले. त्याची प्रतिष्ठा दीर्घकाळ टिकली. याउलट सिस्कोनेच १९९८ मध्ये आणलेले प्राथमिक पातळीचे सीसीएनए हे पर्यायी प्रश्नांवर अधिक विसंबून राहिले, आणि त्याच्या वाट्याला बरेचसे एमसीएसईचेच भाग्य आले. मात्र सीसीएनएला एक मोठा आधार मिळाला. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सिस्को नेटवर्किंग अकादमीमार्फत त्याचा अभ्यासक्रम महाविद्यालयांत शिकवला गेला, आणि त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांसाठी ते प्रमाणपत्र सत्रभराच्या शिक्षणाच्या शेवटी आले.

'इंजिनिअर' कोणास म्हणावे?

सीएनई आणि एमसीएसई या दोन्ही नावांच्या शेवटी 'इंजिनिअर' हा शब्द होता. कॅनडातील क्यूबेक प्रांतात हा शब्द कायद्याने अभियंत्यांच्या व्यावसायिक मंडळाच्या सदस्यांपुरता राखीव आहे. त्या मंडळाने मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील कंपनीवर खटला भरला आणि २००४ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवून १,००० डॉलर दंड केला. कंपनीच्या दृष्टीने रक्कम हास्यास्पद होती. निकालाचे महत्त्व मात्र रकमेत नव्हते. खाजगी कंपनी प्रमाणपत्र देऊ शकते, पण व्यवसायाचे नाव देऊ शकत नाही, ही सीमारेषा तेथे आखली गेली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये एमसीएसई हीच आद्याक्षरे ठेवून 'सोल्यूशन्स एक्स्पर्ट' असा त्यांचा नवा अर्थ लावला.

भारतात असा वाद झाला नाही. येथे 'इंजिनिअर' हा शब्द दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येकासाठी सर्रास वापरला जातो. वार्षिक देखभाल कराराखाली बँकेच्या शाखेत केबल बदलण्यास येणारा मुलगा बारावी असो की पदविकाधारक, शाखेतील कर्मचारी "इंजिनिअर आला" असेच म्हणतात. या शब्दाने त्याला तात्पुरता मान मिळतो. वेतन मात्र त्या शब्दाप्रमाणे मिळत नाही. प्रमाणपत्राचे भारतातील मोल समजून घेण्यासाठी हाच मुलगा डोळ्यांसमोर ठेवणे उचित होय.

महाराष्ट्रातील चित्र

नेटवर्कच्या इतिहासात मुंबईचे स्थान आरंभापासूनचे आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाद्वारे जोडलेल्या पडद्यांवर समभागांचे व्यवहार सुरू केले; १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नॉव्हेलचा भारतातील व्यवसायही मुंबईच्या ऑनवर्ड समूहाच्या भागीदारीतून वाढला आणि संगणकीकरण झालेल्या अनेक बँकशाखांत नेटवेअर पोहोचले. माणसांची गरज अशा रीतीने एकाएकी निर्माण झाली, आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम तिच्या मागे पडले.

शासनाकडे उपाय नव्हता असे नाही. १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी मिळून डीओईएसीसी ही योजना आणली. खाजगी संस्थांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची ओ, ए, बी आणि सी अशा चार पातळ्यांवर राष्ट्रीय परीक्षा घ्यावयाची, ही कल्पना मूलतः अत्यंत योग्य होती. शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही जी फारकत विक्रेत्यांच्या प्रमाणपत्रांत नव्हती, ती येथे होती. अभ्यासक्रम कोणत्याही एका कंपनीच्या उत्पादनाशी बांधलेला नव्हता. शासकीय नोकरभरतीत या परीक्षांना मान्यता मिळाली. परंतु खाजगी क्षेत्रात नेटवर्कच्या जागेसाठीच्या जाहिरातींत ए किंवा बी पातळीचा उल्लेख अभावानेच दिसे. तेथे एमसीएसई आणि सीसीएनए ही अक्षरे असत. दादर, ठाणे, पुण्याचे डेक्कन जिमखाना येथील फलकांवरही तीच अक्षरे होती. डीओईएसीसी संस्थेचे २०११ मध्ये नायलिट असे नामांतर झाले, तरी या स्थितीत फारसा फरक पडला नाही.

याचे कारण केवळ परदेशी मालाच्या आकर्षणात शोधणे उथळपणाचे ठरेल. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रामागे खरेदीची व्यवस्था उभी होती. सिस्कोच्या सर्वोच्च दर्जाच्या भागीदार कंपनीला दीर्घकाळ चार सीसीआयई नोकरीस ठेवावे लागत. मार्च २००५ मध्ये केंद्र शासनाने राज्यव्यापी जाळ्यांची ३,३३४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा मोठ्या कामांच्या निविदांत बोलीदाराकडे किती प्रमाणपत्रधारक आहेत, हा पात्रतेचा निकष म्हणून येऊ लागला. शासनाने स्वतः उभारलेली परीक्षा बाजूला राहिली आणि शासकीय निविदेने कंपनीच्या परीक्षेला मोल दिले, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

येथेच प्रमाणपत्राच्या किमतीचा आणि फायद्याचा हिशेब विस्कटतो. निविदेत प्रमाणपत्र जोडले जाते ते कंपनीच्या लाभासाठी; त्याचे शुल्क, शिकवणी आणि पुनर्परीक्षा यांचा खर्च बहुतेक वेळा कर्मचारी स्वतः करतो. २०२० साली सीसीएनएची एक परीक्षा ३०० डॉलरला पडत होती, म्हणजे करांसह वीस हजार रुपयांहून अधिक. जिल्ह्याच्या गावातून पदविका घेऊन आलेल्या आणि देखभाल करारावर काम करणाऱ्या तरुणाचे ते महिन्या-दीड महिन्याचे वेतन असू शकते. अनुत्तीर्ण झाल्यास ते परत मिळत नाही. उत्तीर्ण झाल्यास तीन वर्षांनी ते प्रमाणपत्र मुदतबाह्य होते आणि पुन्हा परीक्षा किंवा शिक्षणतास यांची व्यवस्था करावी लागते. बॉयलर कामगाराला एकदा मिळालेले प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी पुन्हा विकत घ्यावे लागत नसे.

असे असूनही अनेकांनी ते घेतले आणि अनेकांना ते उपयोगी पडले, हेही तितकेच खरे. नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी ज्याच्याकडे नव्हती, ज्याचे इंग्रजी मुलाखतीत अडखळत होते, त्याला परीक्षाकेंद्रातील संगणकाने त्याच्या गावाचे नाव विचारले नाही. २०००च्या दशकात परदेशातील नेटवर्कची देखरेख पुणे व मुंबईतून रात्रपाळीत होऊ लागली, तेव्हा या दारातून बरेच मराठी तरुण आत गेले. बंगळुरू येथे सीसीआयईची प्रयोगशाळा सुरू झाल्यावर त्या परीक्षेसाठी ब्रुसेल्स किंवा सिडनीचे विमानभाडे भरणेही अनिवार्य राहिले नाही. पदवीने नाकारलेल्याला दुसरी संधी, हे या प्रमाणपत्रांचे भारतातील खरे कार्य होय; आणि म्हणूनच डम्प वाचून मिळवलेल्या प्रमाणपत्राने सर्वाधिक हानी केली ती याच वर्गाची. ज्याच्याकडे नामांकित पदवी आहे, त्याचे प्रमाणपत्र अविश्वसनीय ठरले तरी पदवी उरते. ज्याच्याकडे केवळ प्रमाणपत्रच आहे, त्याच्याकडे मग दाखवण्यासारखे काहीही उरत नाही.

बदलते स्वरूप

नॉव्हेल २०११ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई हे प्रमाणपत्र ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केले आणि त्याऐवजी क्लाउडमधील भूमिकांवर आधारलेली प्रमाणपत्रे आणली. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० पासून आपली रचना बदलून सीसीएनएच्या विविध शाखा एकत्र केल्या, स्वयंचलनाचा अभ्यास त्यात आणला आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नेटवर्क कर्मचाऱ्यांसाठी निराळी प्रमाणपत्रे सुरू केली. त्याच वर्षी महासाथीमुळे घरी बसून कॅमेऱ्यासमोर परीक्षा देण्याची पद्धत रूढ झाली आणि उमेदवाराच्या ओळखीचा जुना प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे संपूर्ण नेटवर्क सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या नेहमीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या सर्व केंद्रांमधील दुवे तुटले, आणि अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातच दोष निघाला. तेथील कर्मचारी कोणत्याही परीक्षेत सहज उत्तीर्ण झाले असते. प्रमाणपत्राने चूक टळते, असा दावा त्यामुळे करता येत नाही. ज्याच्या हाती आज्ञा द्यावयाची आहे, त्याला त्या आज्ञेचा अर्थ कळतो, एवढीच ग्वाही चांगली परीक्षा देऊ शकते. मोठ्या कंपनीत त्याच्या पाठीशी आणखी दहा जण आणि तपासणीची साधने असतात. तालुक्याच्या रुग्णालयात किंवा सहकारी बँकेत तो एकटाच असतो, आणि तेथे ही ग्वाही अधिक मोलाची ठरते.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळवणे, यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे शासकीय कालसर्व्हरांशी जुळवलेली ठेवणे संस्थांना बंधनकारक झाले. यातील प्रत्येक काम प्रत्यक्षात नेटवर्क कर्मचारी करतो. तो कर्मचारी कोणती परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा, याविषयी त्या निर्देशांत अट घातलेली नाही.